मुकं मशीन

१

परदेवालीचं मशीन मंगळवारी दुपारी मुकं झालं.

ती एका गिऱ्हाइकाच्या खिडक्यांची मापं घेऊन आली, घटाघटा पाणी प्यायली आणि मशीनवर बसली. मोटर घुमली, चाक फिरलं, सुई खालीवर झाली, पण सुईखालच्या कापडावर एक टाका पडेल तर शपथ! तिने सुईखालची पट्टी सरकवून आत बोट घातलं. शटल गायब. शटल म्हणजे मुठीत मावेल एवढा लोखंडी तुकडा. खालचा दोरा वर उचलून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण ते नसेल तर बाकीचं मशीन म्हणजे नुसतं भंगार. त्यातून हे मशीन जुनं, जाडजूड पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारं, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. त्याचं शटल बाजारात शोधायचं म्हणजे गाढवाला शिंगं शोधायची.

ती दुसऱ्या मजल्यावरून तडक तळमजल्यावर सेक्रेटरीबाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

सेक्रेटरीबाईंनी सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली होती. जळलेली दुकानं, फुटलेली कपाटं, चोरीला गेलेल्या आणि मग मेहुण्याच्या अंगणात सापडलेल्या गाड्या. निवृत्तीनंतर झाडांना पाणी घालत शांत बसायचा त्यांचा बेत होता, पण सोसायटीच्या ज्या सभेला त्या गेल्या नाहीत, नेमक्या त्याच सभेत त्या बिनविरोध सेक्रेटरी म्हणून निवडून आल्या. तक्रार ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. त्यामुळे तक्रार करणाऱ्याचा निम्मा जोर दारातच ओसरायचा.

"ताई, मास्तरांनीच नेलंय," परदेवाली म्हणाली. "माझ्या मशीनने दुसऱ्या कुणाच्या पोटात दुखतंय?"

मास्तर तिच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहत. राहत्या घरात यंत्र चालवायला बंदी करा, असा त्यांचा अर्ज होता आणि रविवारच्या सभेत त्यावर मतदान व्हायचं होतं. परदेवाली भाडेकरू. बंदी आली की तिला खोली सोडावी लागणार, हे उघड होतं. एवढं अवजड मशीन ठेवू देणारी ही एक खोली शोधताना तिने आधीच अर्ध्या शहराच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"तू पाहिलंस त्यांना नेताना?"

"पाहायला कशाला पाहिजे?"

"रविवारी निम्मे लोक तुझ्या बाजूचे आहेत, निम्मे त्यांच्या. पुराव्याशिवाय एका म्हाताऱ्या शिक्षकाला चोर म्हणालीस, तर तुझ्या बाजूचे किती उरतील? चल, आधी मशीन दाखव."

खोलीचं कुलूप शाबूत होतं. त्यात नवल नव्हतं. मागे एकदा कुणीतरी नळ उघडा टाकून गावाला गेलं आणि तीन घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून प्रत्येकाची जादा किल्ली जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या कपाटात खिळ्याला लटकत असे. इमारतीतल्या कुणालाही हात घालता येत होता.

सेक्रेटरीबाई मशीनपाशी वाकल्या. कापड दाबून धरणारा सुईशेजारचा लोखंडी पाय खाली टेकवलेला होता आणि त्याच्याखाली निळ्या कापडाची एक चिंधी होती, दुहेरी घडी घातलेली.

"ही कुणी ठेवली?"

परदेवालीने कपाळाला आठ्या घातल्या. "कापड माझंच आहे, पण मी नाही ठेवली. मी तर शिवता शिवता पडदा तसाच सुईखाली सोडून गेले होते. घाईत लक्षच गेलं नाही."

तो पडदा खुर्चीवर नीट घडी करून ठेवला होता. खालच्या दोऱ्याची बॉबिन डबीत होती, दोऱ्याचं टोकसुद्धा गुंडाळून खोचलेलं. इतका टापटिपीचा चोर सेक्रेटरीबाईंना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

"काय गेलंय ते कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "चोरी झाली, एवढंच सांगायचं. मास्तरांच्या दाराशी तर फिरकूसुद्धा नकोस."

२

परदेवालीच्या शेजारच्या दारामागे नर्स राहायची. तिची रात्रपाळी असे, म्हणजे झोप दिवसा, म्हणजे मशीनच्या साथीने. "एक दिवस ते धूड उचलून खाली फेकीन," असं ती जिन्यात चार लोकांसमोर म्हणाली होती. बुधवारी सकाळी सेक्रेटरीबाईंनी बेल वाजवली तेव्हा तिने डोळे चोळत दार उघडलं. गणवेशाची उसवलेली बाही तिने सेफ्टी पिनेने जोडली होती.

"परदेवालीकडे चोरी झाली," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"तरीच मशीन बंद आहे! काय गेलं, मोटर?"

"तुला आनंद झाला असेल."

"कसला आनंद, मावशी!" नर्स दाराला टेकली. "काल दुपारी आवाज थांबला आणि माझी झोपच उडाली. कूस बदलून बदलून अंग दुखलं. ती खडखड असली की मी कशी लगेच डाराडूर झोपते. आता नळ ठिबकला तरी कळतं. कधी सुरू करणार आहे ती?"

सेक्रेटरीबाईंनी बाहीच्या पिनेकडे एकदा पाहिलं आणि जिना चढायला लागल्या.

तिसऱ्या मजल्यावरचा माणूस घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचायचा आणि ती ध्वनिमुद्रित करून द्यायचा. सगळे त्याला आवाजवाला म्हणत. त्याने खिडकीला गादी लावली होती आणि भिंतीला जाजमं. इतकं करूनही खालून मशीन सुरू झालं की तो हात जोडून जमिनीकडे बघायचा. त्याच्याइतकं शांततेचं अडलेलं माणूस इमारतीत दुसरं नव्हतं.

"चोरी? मशीनची वायर कापली का कुणी?" त्याने विचारलं. "कालपासून गप्प आहे ते. मी म्हटलं, चला, आता दोन पुस्तकं उरकून घेऊ. कुठलं काय! मशीन गेलं आणि टीव्ही उरला."

"कुणाचा टीव्ही?"

"मास्तरांचा. दोन मजले ओलांडून येतो, बोला! आधीही तेवढाच मोठा, आताही तेवढाच. आणि एक नवीनच तऱ्हा सुरू झालीय. मध्येच टीव्ही बंद होतो. मी खूश होऊन वाचायला घेतो. पानभर वाचून होतंय न होतंय तोच पुन्हा बोंब सुरू. चार-पाच वेळा झालं असं. असं कोण टीव्ही बघतं?"

सेक्रेटरीबाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या, त्या परत वर आल्या. "हे कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून," आवाजवाला म्हणाला. "चोरी झाली त्याच दिवसापासून."

३

मास्तरांच्या घराची बेल सेक्रेटरीबाईंनी तीनदा दाबली. मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, दार उघडलं. टीव्हीवर कुणीतरी बातम्या ओरडून सांगत होतं आणि मास्तर समोर खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी लांब काठी भिंतीला टेकवलेली. वरच्या मजल्याशी त्यांचा जो काही संवाद होता तो या काठीने छत ठोकून चाले.

सेक्रेटरीबाई टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसल्या. टीव्हीच्या टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं कापड होतं. त्यांनी पाय लांब केला तेव्हा तो कापडाआड कशाला तरी लागला, आणि ते काहीतरी डुललं आणि कुरकुरलं. त्यांनी पाय मागे घेतला.

काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मास्तर, परदेवालीकडे चोरी झाली."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. काकू पटकन मध्ये बोलल्या, "अहो, वर चोरी झाली म्हणतायत. परदेवालीकडे!"

"अगं, ऐकलं मी! दहादा काय सांगतेस?" मास्तर खेकसले. मग सेक्रेटरीबाईंकडे वळून म्हणाले, "चोरी वाईटच. काय गेलं, कापडचोपड?"

"ते सध्या सांगता येत नाही."

"नका सांगू. पण त्या निमित्ताने रविवारचा विषय पुढे ढकलाल तर मी गप्प बसणार नाही. तुम्हाला कल्पना नाही या आवाजाची. सकाळी डोळा उघडला की सुरू, ते झोपेपर्यंत. घर्र घर्र घर्र!"

"तुमचा टीव्हीही मोठा असतो, अशी तक्रार आहे."

काकूंनी ती तक्रारही शब्द न् शब्द पुन्हा मास्तरांना ऐकवली.

"मग काय करू?" मास्तर म्हणाले. "ती घरघर झाकायला लावावा लागतो. ते मशीन बंद करा, मी टीव्ही कुजबुजीत लावतो की नाही बघा! इतरांना त्रास होत नाही, कारण इतरांचे कान जाड. माझा कान पहिल्यापासून तिखट. फळ्याकडे तोंड करून लिहीत असायचो आणि शेवटच्या बाकावर कुणी कुजबुजलं तर नाव घेऊन उभं करायचो. पोरं म्हणायची, मास्तरांना पाठीवरसुद्धा कान आहेत."

ते बोलत होते तोवर काकू टेबलावरचं कापड सारखं करत होत्या. ते मुळातच सरळ होतं. नर्सने विचारलं होतं काय गेलं, आवाजवाल्याने विचारलं होतं, मास्तरांनी विचारलं होतं. काकूंनी विचारलं नाही.

"मिळेल हो ते परत," काकू म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

४

गुरुवारी दुपारी सेक्रेटरीबाई परदेवालीकडे गेल्या. हातावर हात ठेवून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मशीन नाही तर नाही, ती जमिनीवर बसून पडद्याच्या कडा हाताने दुमडत होती. बोटं सुईने टोचून लाल झाली होती.

"या गतीने दिवाणखान्याचा एक पडदा पुढच्या वर्षी होईल," ती म्हणाली. "पण रविवारनंतर राहायलाच जागा नसेल, तर पडद्याचं काय घेऊन बसायचं, ताई?"

सेक्रेटरीबाई तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या. खोलीत सुई कापडातून जाण्याइतकाही आवाज नव्हता.

ठक. ठक. ठक.

पायाखालची फरशी वाजली. खालून कुणीतरी छताला काठी मारत होतं.

परदेवाली ताडकन उठली. "बघितलंत? चोर तो चोर आणि वर शिरजोर! माझं शटल खिशात घालून वर मलाच चिडवतायत. आज मी त्यांना सोडत नाही!"

"बस खाली."

"ताई, पण..."

"बस म्हणते ना. आत्ता तू काय करत होतीस?"

"टाके घालत होते. दिसलं नाही का?"

"आवाज कसला झाला?"

"टाक्याचा कसला आलाय आवाज!" परदेवाली म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

विमा कंपनीत सेक्रेटरीबाईंनी एक खूणगाठ बांधली होती. चोरी झाल्यावर कोण काय बोलतं याला फारसा अर्थ नसतो. लोक बोलायचं ठरवून येतात. कुणाची सवय बदलली आणि कुणाची नाही, ते बघायचं. ज्याने मशीन बंद पाडलं, तोच दोन दिवसांनी मशीन बंद कर म्हणून छत ठोकणार नाही. चिडवायला म्हणावं, तर मास्तरांना थट्टा येत नव्हती. उभ्या आयुष्यात केली नसेल. मशीन बंद झालं तर टीव्ही कुजबुजीत लावतो म्हणाले होते, आणि टीव्ही होता तिथेच होता. चोरी झाल्यावर मास्तरांचं काही म्हणजे काहीच बदललं नव्हतं.

"मास्तरांनी नेलं नाही," त्या म्हणाल्या. "मशीन बंद आहे, हे त्यांना ठाऊकच नाही."

"असं कसं? सगळ्या इमारतीला ठाऊक आहे!"

सेक्रेटरीबाईंना आधी हसू आलं. मग ते हसू आपोआप विरलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"मला सांग, खालच्या काकू कधी तुझ्याकडे यायच्या?"

"पूर्वी रोज. मशीनकडे बघत बसायच्या. कडेपासून दोन बोटं सोडून टीप मार, पडदा छान पडेल, असं काहीबाही सांगायच्या. आणि बरोबर असायचं हो त्यांचं. अर्ज आल्यापासून मात्र नाही आल्या. लाजत असतील बिचाऱ्या."

सेक्रेटरीबाईंनी मशीनच्या पायाखालची निळी चिंधी ओढून काढली आणि पदराच्या टोकाला बांधली.

५

शुक्रवारी सकाळी काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. सेक्रेटरीबाईंनी बादलीतलं एक धोतर उचललं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"वहिनी, तुमच्या टीव्हीखालचं पायडल कुरकुरतं. तेल घालत नाही का कुणी?"

काकूंच्या हातातला चिमटा खाली पडला.

"शिलाई मशीनचा स्टँड आहे तो. मशीन विकलंत, स्टँडचं टेबल केलंत. कधी विकलंत?"

"डोळे अधू झाले तेव्हा," काकू म्हणाल्या. "लग्नाआधीपासूनचं होतं."

सेक्रेटरीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि चिंधी त्यांच्या पुढे धरली. "ज्याला नुसती शांतता हवी, तो वायर कापतो. नर्सला वाटलं मोटर नेली, आवाजवाल्याला वाटलं वायर कापली. शटल काढलं की मशीन बसतं आणि त्याला ओरखडासुद्धा येत नाही, हे शिवणाऱ्यालाच ठाऊक. आणि मशीन सोडून उठताना पायाखाली चिंधी ठेवायची, म्हणजे खालचे दाते झिजत नाहीत, हे तुमच्या हाताला इतकं मुरलंय की चोरी करतानाही हाताला राहवलं नाही. नर्सला शिवण येत असतं, तर ती बाहीला पीन लावून हिंडली नसती."

काकूंनी चिंधी घेतली आणि उगाच तिची घडी मोडून पुन्हा घातली.

"शटल का नेलंत, तेही सांगते. चुकलं तर थांबवा. मास्तरांना ऐकू येत नाही."

काकू कठड्यापाशी बसल्या. "आधी फोनवरचं ऐकू येईना. मग दारावरची बेल, मग मी. कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की एकच उत्तर. आधी ते वरचं मशीन बंद कर, मग माझ्या कानाबद्दल बोल! रोज तेच. मग हा अर्ज. यांच्या कानांपायी त्या पोरीचं घर जायची वेळ आली. म्हटलं, ठीक आहे, करतेच बंद. शांतता झाली की त्यांचं त्यांना कळेल आणि रविवारच्या आत अर्ज मागे घेतील."

"म्हणून तुम्ही टीव्ही मध्येच बंद करायचात."

"बंद करायची आणि म्हणायची, ऐका बरं, आहे का काही? तर म्हणतात, आहे की, घरघर चालूच आहे! तुझेच कान गेलेत, दाखवून ये जा!" काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मला वाटायला लागलं, खोटंच बोलतायत. इतका हट्टी माणूस."

"खोटं बोलत नाहीत," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "कारखान्यातल्या कामगारांचे असे दावे मी पुष्कळ पाहिलेत. काहींचा कान जातो आणि जाताना आत घरघर ठेवून जातो. मास्तरांना खरंच ऐकू येतं. दिवसभर, उसंत न देता. फक्त ते वरून येत नाही."

काकूंनी खाली पडलेला चिमटा उचलला. मग म्हणाल्या, "आता त्यांना कोण सांगणार? माझं ते ऐकत नाहीत."

"सांगायचं नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "दाखवायचं."

६

आधी परदेवालीला सांगावं लागलं. सेक्रेटरीबाईंच्या घरी, काकूंच्या समोर. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"काकू, तुम्ही! अहो, मागितलं असतंत तर मी आपणहून बंद ठेवलं असतं मशीन. माझी बोटं बघा!"

"मागितलं असतं, तर ते बहिरे झालेत हे सांगावं लागलं असतं," काकू म्हणाल्या. "ते माझ्या तोंडून निघेना गं. चुकले मी."

परदेवालीला राग होता आणि तो लगेच जाण्यातला नव्हता. पण शनिवारी दुपारी मास्तरांकडे ये, एवढं सेक्रेटरीबाईंनी सांगितल्यावर ती येते म्हणाली.

शनिवारी दुपारी सेक्रेटरीबाई मास्तरांसमोर बसल्या. काकूंनी टीव्ही बंद केला. बाहेर वाहनं नव्हती, वर काही नव्हतं.

"मास्तर," सेक्रेटरीबाई अगदी समोरून, सावकाश म्हणाल्या, "उद्या सभा आहे. मला खात्री करून घ्यायचीय. आत्ता मशीन चालू आहे का?"

"हे काय विचारणं झालं? सकाळपासून चालू आहे! तुम्हाला नाही ऐकू येत?"

त्यांनी काठी उचलली आणि छताला तीन ठोके दिले. चौथ्यासाठी काठी वर नेली. तेवढ्यात काकूंनी दार उघडलं आणि परदेवाली आत आली. ती मास्तरांच्या पुढ्यातल्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे.

"वर कोण बसलंय?"

"कुणी नाही, मास्तर," परदेवाली म्हणाली. "कुलूप आहे."

"मग मशीन कोण चालवतंय?"

काकू टीव्हीपाशी गेल्या. लोंबतं कापड त्यांनी वर केलं, शिलाई मशीनच्या स्टँडला उजव्या हाताशी असतो तो छोटा खण ओढला, आणि शटल काढून परदेवालीच्या हातावर ठेवलं.

"मंगळवारपासून हे माझ्याकडे आहे," त्या मास्तरांना म्हणाल्या. "याच्याशिवाय मशीन चालत नाही. मीच नेलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, मशीन बंद कर म्हणून?"

काठी अजून हातात होती. मास्तरांनी ती हळूच खाली घेतली.

"पण वाजतंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "अगं, आत्ताही वाजतंय. मग हे काय वाजतंय?"

काकूंनी त्यांच्या कानावर तळहात ठेवला. "इथे वाजतंय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली. मग त्यांनी काकूंचा हात बाजूला केला.

"सगळ्यांनी मिळून माझी परीक्षा घेतलीत," ते म्हणाले. "झालं समाधान? जा आता."

सेक्रेटरीबाई आणि परदेवाली उठल्या. जिन्यात परदेवालीने विचारलं, "ताई, आता अर्ज मागे घेतील?"

"सांगता येत नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. अर्ज मागे घ्यायचा तर का घेतला ते चारचौघांत सांगावं लागणार, आणि मशीन बंद होऊनही आवाज चालूच आहे असं म्हणणारा माणूस ठरायचं मास्तरांना कसं परवडणार होतं?

७

रविवारी सभा खाली, गाड्या लावायच्या जागेत भरली. मास्तर एरवी शेवटच्या रांगेत बसायचे, म्हणजे कोण काय कुजबुजतं ते कळतं, असं म्हणायचे. आज ते पहिल्या रांगेत, अगदी सेक्रेटरीबाईंच्या टेबलासमोर बसले. काकू त्यांच्या शेजारी. परदेवाली बाजूला एकटीच उभी होती. शटल मशीनमध्ये परत बसलं होतं, पण मशीन तिने अजून सुरू केलं नव्हतं.

"चोरीचं काय झालं, मावशी?" नर्सने जांभई देत विचारलं.

"वस्तू सापडली. दावा बंद," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "आता मास्तरांचा अर्ज."

मास्तर उठले. शाळेत उभे राहत असतील तसे, ताठ.

"अर्ज मी मागे घेतो," ते म्हणाले.

कुजबूज झाली. जे त्यांच्या बाजूने मत द्यायला आले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या रांगेतून आवाजवाल्याने विचारलं, "का हो, मास्तर? एवढं सगळं करून?"

मास्तर हलले नाहीत. काकूंनी सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. आवाजवाल्याने पुन्हा विचारलं. सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या, तेव्हा कुणीतरी काहीतरी विचारलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते मागे वळले.

"शेवटच्या बाकावरचं मला ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून येत नाही. ज्याला काही विचारायचंय त्याने पुढे यावं आणि तोंडासमोर, मोठ्याने विचारावं. माझी तक्रार चुकीची होती. आवाज वरून येत नव्हता."

काकू मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या आणि त्यांना रडू येत होतं. त्यांनी ते लपवलं नाही.

परदेवाली पुढे आली. मास्तरांच्या बरोबर समोर उभी राहिली. राग अजून पुरता गेला नव्हता, पण ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मास्तर, उद्यापासून मशीन सुरू करू का?"

"कर," मास्तर म्हणाले. त्यांनी काकूंकडे बोट केलं. "सुरू झालं का, ते मी हिला विचारून घेईन."

सेक्रेटरीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पुढचा विषय, गच्चीची गळती," त्या म्हणाल्या, एरवीपेक्षा जरा मोठ्याने.